बंगल्याला वळसा नाही

मित्रांनो, मी एक जुना रस्ता आहे आणि माझा राग अजून गेलेला नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे तुमचा गैरसमज नको. म्हातारपणी माणसे, झाडे, रस्ते सगळ्यांना क्षमा करून मोकळे होतात, असे तुम्ही ऐकले असेल. मी त्यातला नव्हे.

मला कुणी ठरवून जन्माला घातले नाही. जुन्या शहराची वस्ती जिथे संपत होती, तिथे एका शिंप्याचे घर होते. घरामागे परस, परसामागे एक मोठा भाजीचा मळा आणि मळ्यापलीकडे इस्पितळ. आजाऱ्यांना इस्पितळात जायचे असे, मळ्यातल्या बायकांना टोपल्या घेऊन बाजारात यायचे असे. माणसाचे पाय फार हुशार असतात. ते शिंप्याच्या परसातून आणि मळ्याच्या मधून सरळ जाऊ लागले. एके दिवशी शिंपी आणि मळेवाला दोघे बांधावर बसले. शिंप्याने परसाची एक पट्टी सोडली, मळेवाल्याने त्याच रेषेत मळ्याची पट्टी सोडली. "जाऊ दे लोकांना," एवढेच बोलणे झाले. कागद नाही, शिक्का नाही. दोन शेजाऱ्यांच्या तोंडच्या शब्दावर मी जन्माला आलो.

आधी मी नुसता मातीचा होतो. मग कुणी विटांचे तुकडे टाकले, कुणी राख टाकली, पुढे डांबर आले. डांबर पडले त्या दिवशी मी स्वतःवर इतका खूष होतो की विचारू नका. माझा उतार मळ्याकडून गावाकडे होता. पाऊस पडला की मळ्यातले पाणी माझ्या अंगावरून वाहत येई आणि शिंप्याच्या दुकानापुढच्या गटारात गुपचूप उतरून जाई.

त्या काळी आमच्या जुन्या भागात रस्ता चुकणे अवघड होते, कारण कुठूनही निघालात तरी पोचायचात. चार घरे झाली की एक बोळ, बोळ संपला की चौक, चौकातून पुन्हा तीन वाटा. एका वाटेवर हातगाडी उलटली तर माणूस दुसरीने जाई, दुसरीत ओळखीचा चिकट माणूस दिसला तर तिसरीने. आम्ही सगळे रस्ते एकमेकांना धरून होतो. मी त्यातला सगळ्यात छोटा, पण माझे कौतुक मोठे. "ह्या रस्त्याने जा, पटकन पोचाल," असे लोक परक्या माणसाला सांगत, तेव्हा मला वाटे, आपल्यासारखे सुखी कुणी नाही.

शिंप्याला एक मुलगा होता आणि मळेवाल्यालाही एक. दोघे एकाच सायकलवर माझ्या अंगावर सायकल शिकले. एक पेडल मारायचा, दुसरा मागून धरायचा आणि धरले आहे असे सांगून सोडून द्यायचा. दोघांच्या गुडघ्यांचे रक्त मी चाखले आहे. मोठेपणी शिंप्याचा मुलगा बापाच्या दुकानात बसला आणि सगळे त्याला मास्तर म्हणू लागले. मळेवाल्याचा मुलगा आधी वाळूच्या गाड्या पाठवू लागला, मग विटांच्या, मग बांधकामाचे ठेके घेऊ लागला. त्याला सगळे ठेकेदार म्हणू लागले. मास्तरांच्या लग्नात सगळ्यात जास्त तोच नाचला. मास्तरांच्या बायकोला तो वहिनी म्हणे, ती त्याला भाऊजी म्हणे. त्याचे कपडे मास्तरच शिवत. मापाची फीत कमरेभोवती फिरवताना मास्तर हसून म्हणत, "धंदा बरा चाललाय हां तुझा. दर वर्षी कळतं मला."

मास्तरांना एकच मुलगी. ती शिकून मळ्यापलीकडच्या त्याच इस्पितळात परिचारिका झाली. सकाळी पांढरे बूट घालून ती माझ्यावरून निघाली की आईच्या हातातले काज पुरे व्हायच्या आत पलीकडे पोचलेली असे. डबा विसरली तर वहिनी नेऊन देत आणि परत येऊन पुन्हा मशीनवर बसत. गिऱ्हाइकाला कळतही नसे की बाई मधेच उठून गेल्या होत्या.

मग मळेवाला वारला आणि शहराला पाय फुटले.

ठेकेदाराने मळ्यात कॉलनी काढली. एकसारखी घरे, एकसारख्या खिडक्या. तिला आत जायला आणि बाहेर यायला एकच फाटक, तेही पार पलीकडे, हमरस्त्यावर. कॉलनीतले रस्ते मी पाहिले तेव्हा मला त्यांची कीव आली. एक रस्ता निघायचा, थोडा वळायचा आणि भिंतीपाशी जाऊन थांबायचा. दुसरा निघायचा आणि तसाच थांबायचा. एकाचे तोंड दुसऱ्याने कधी पाहिलेले नाही. आणि गंमत म्हणजे, हेच ठेकेदार गिऱ्हाइकांना अभिमानाने सांगे. "इथे बाहेरचं कुत्रंसुद्धा येणार नाही. शांतता घ्या, शांतता."

बाहेरचे कुत्रे म्हणजे कोण, ते मला लवकरच कळले. गवंडी विटा घेऊन आले आणि माझ्या कमरेवर आडवी भिंत घालू लागले.

मास्तर दुकानातून धावत आले. गळ्यात फीत, बोटात शिवणाचे अंगुस्तान.

"अरे, हे काय करतोयस? रस्ता आहे हा."

"रस्ता कुठाय मास्तर? माझ्या बापाची जमीन आहे. त्याने जाऊ दिलं, मी देत नाही."

"निदान एक माणूस जाईल एवढं दार तरी ठेव. पोरगी रोज जाते माझी."

"दार ठेवलं की कुलूप आलं, कुलूप आलं की माणूस आला. घरं घेणाऱ्यांना येणारे-जाणारे नको असतात रे. समजून घे जरा." ठेकेदाराने मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला. "आणि हमरस्त्याने या की. गाडीने किती वेळ लागतो?"

"माझ्याकडे गाडी कुठेय?"

ठेकेदार हसला. थट्टा ऐकल्यासारखा हसला. त्या हसण्याचा आवाज अजून माझ्या डांबरात आहे.

भिंत पुरी झाली. माझा अर्धा देह इकडे आणि अर्धा तिकडे. इकडच्या अर्ध्यावर लोक कचरा टाकू लागले, कारण जिथून पुढे जाता येत नाही, तिथे माणसाला कचराच सुचतो. दुकानाचे गिऱ्हाईक निम्म्यावर आले. इस्पितळात येणारे-जाणारे, कामावर जाणारे लोक, जाता जाता उसवलेली बाही पुढे करणारे सगळे आटले. मुलगी आता बाजारातून हमरस्त्यावर, तिथून बसने, मग कॉलनीच्या फाटकावरून वळून इस्पितळात जाई आणि घरी आली की पाय चोळत बसे. इस्पितळाच्या वरच्या मजल्यावरून तिला आपल्या घराचे छप्पर दिसे. आईने वाळत घातलेले कपडेसुद्धा ओळखू येत. पण पोचायला मात्र अर्ध्या शहराला फेरी.

तिकडच्या माझ्या अर्ध्यावर ठेकेदाराने स्वतःचा बंगला बांधला. कॉलनीतली सगळ्यात शांत जागा, भिंतीला लागून, जिथून पुढे कुणीच जात नाही. बरोबर माझ्या छातीवर त्याची निजायची खोली आणि पुढे एक काचेची खोली, सकाळचे ऊन खायला. तो तिथे वेताच्या खुर्चीत बसून चहा प्यायचा आणि मी खाली गाडलेला ते ऐकायचो.

मित्रांनो, रस्त्याला हात नसतात. पण माझ्या अंगात उतार होता, तो कुणी काढून घेतला नव्हता. पावसाचे पाणी नेहमीसारखे गावाकडे निघाले आणि भिंतीपाशी येऊन अडले. पुढे जाता येईना, तेव्हा ते तिथेच बसले. काचेच्या खोलीची फरशी फुगली. भिंतींच्या रंगाचे पोपडे सुटले. ठेकेदाराने रंगारी आणला, गवंडी आणला, पुन्हा रंगारी आणला. दर पावसाळ्यात मी मनापासून वाट पाहत असे. एवढीच काय ती माझी करमणूक.

मास्तरांच्या मनात मात्र काही नव्हते. ठेकेदाराचा ड्रायव्हर लांबचा फेरा मारून कपडे शिवायला घेऊन येई आणि मास्तर शिवून देत. वहिनी चिडत.

"लाज कशी वाटत नाही त्याला कपडे पाठवायला?"

"अगं, त्याचं माप दुसऱ्या कुणाला जमायचं नाही," मास्तर म्हणत. "एक खांदा उतरता आहे त्याचा. सायकलवरून पडला होता ना."

असा माणूस होता तो. आणि त्याच्यासाठीच मी क्षमा करत नाही.

एके दिवशी सकाळी कापड बेतता बेतता मास्तरांनी कात्री खाली ठेवली आणि छाती धरली. घाम फुटला, ओठ पांढरे पडले. वहिनींनी मुलीला फोन लावला. फोनमधला आवाज मला स्पष्ट ऐकू आला, इतकी ती ओरडत होती. "आई, लगेच आण बाबांना. मी दारात स्ट्रेचर घेऊन उभी आहे. लगेच!"

नाक्यावरचा रिक्षावाला धावत आला. जुना माणूस, माझ्यावरून वर्षानुवर्षे इस्पितळाच्या फेऱ्या मारलेला. मास्तरांना मागे आडवे केले, डोके वहिनींच्या मांडीवर. घाबरलेल्या माणसाचा हात सवयीने वळतो. त्याने रिक्षा भरधाव माझ्यातच घातली. भिंतीसमोर करकचून ब्रेक लागला. "अरे देवा," तो म्हणाला आणि मागे घेऊ लागला. मागे घेताना चाक कचऱ्यात रुतले. लोकांनी ढकलून काढले. मग ते गेले, बाजारातून, हमरस्त्यावरून. पुढचे मी लोकांकडून ऐकले. कॉलनीच्या फाटकापाशी गाड्यांची रांग लागली होती. कॉलनीमागे आणखी दोन कॉलन्या झाल्या होत्या आणि सगळ्यांचे तोंड तिथेच. आतले बाहेर येईनात, बाहेरचे आत जाईनात. रिक्षावाला उतरून गाड्यांच्या काचांवर हात आपटत होता. मुलगी स्ट्रेचर सोडून रस्त्यावर धावत आली तेव्हा तिला रिक्षा सापडली, पण वडील जिवंत सापडले नाहीत.

ठेकेदार भेटायला आला, पण उशिरा. माणसे परतायला लागली होती.

"वहिनी, काय बोलू... लवकरच निघालो होतो. गर्दी फार होती हो."

वहिनींनी मान वर केली. "हो. त्यांनाही लागली."

त्या दिवसापासून त्यांनी त्याला भाऊजी म्हटले नाही. साहेब म्हणू लागल्या.

आणि मग वहिनींनी जे केले त्याने मी थक्क झालो. माझा इकडचा अर्धा भाग सासऱ्यांच्या परसातला, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होते. वहिनींनी गवंडी बोलावला आणि माझ्यावर, त्या भिंतीला पाठ लावून, शिवणकामाची खोली बांधायला घेतली. भक्कम, पायासकट, वर पत्रा नव्हे, स्लॅब.

पलीकडून ठेकेदार शिडीवर चढून डोकावला. "बांधा, बांधा वहिनी! आमच्या भिंतीला आधारच होईल."

"होईल ना साहेब," वहिनी म्हणाल्या. तो उतरल्यावर त्या हळूच बोलल्या, ते फक्त मी ऐकले. "कधीतरी तुला इकडून बाहेर पडावंसं वाटेल. बघते मी."

माझ्या उरलेल्या अंगावरही आता ओझे आले, पण हे ओझे मला गोड वाटले. आम्ही दोघे मिळून वाट पाहू लागलो.

शहर वाढतच होते. कॉलनीमागे कॉलनी, तिच्यामागे आणखी एक, प्रत्येकीला आपली भिंत, आपले फाटक, आपला वॉचमन. दोन शेजारणी भिंतीवरून एकमेकींना विरजण देत, पण एकमेकींच्या घरी जायचे तर हमरस्त्यावर जाऊन यावे लागे. नळ एकच असलेल्या चाळीत सकाळी जे होते तेच हमरस्त्याचे होऊ लागले. मग त्या हमरस्त्यावर पूल बांधायला काढला. खणून ठेवले, फाटकापुढे निम्मा रस्ता बंद झाला आणि ती शांतता विकत घेतलेली माणसे गाडीत बसून भोंगे वाजवू लागली. मला ते भोंगे गाण्यासारखे वाटत. खोटे कशाला सांगू?

नेमकी तेव्हाच कॉलनीत ठेकेदाराची सगळ्यात मोठी इमारत उभी राहिली. आयुष्यभराची कमाई त्याने तिच्यात ओतली होती. पालिकेचे इंजिनिअर आले, वर-खाली पाहून म्हणाले, "एवढी माणसं आणि बाहेर पडायला एकच तोंड? आग लागली तर? दुसरा रस्ता दाखवा, मगच राहायला सोडू." एका बाजूला इस्पितळाची हद्द, एका बाजूला ओढा. उरलो मी. रिकामी इमारत उन्हात उभी राहिली आणि घरे घेतलेले लोक रोज बंगल्याच्या दारात येऊन ओरडू लागले.

ठेकेदार दुकानात आला. बसायला स्टूल होते, पण वहिनींनी बसा म्हटले नाही.

"वहिनी, ती मागची खोली... मागाल ते देतो. नवीन दुकान बांधून देतो, बाजारात."

"मला इथंच बरं वाटतं साहेब. शांत आहे."

तो गेला. पुन्हा आला, आणखी मोठी लालूच घेऊन. पुन्हा गेला. तो जाताना पाठमोरा दिसे, तेव्हा त्याचा एक खांदा उतरता आहे हे माझ्या लक्षात येई आणि तरीही मला दया येत नसे.

दया आली ती मुलीला, पण त्याची नव्हे. एका संध्याकाळी कामावरून आली ती बूटही न काढता आईसमोर उभी राहिली.

"आई, खोली पाड."

"काय झालं?"

"आज एक बाई बाळंतपणाला आणली. आपल्या बाजारातल्या कुलूपवाल्याची सून. पुलाच्या खड्ड्यापाशी अडकली होती. ती वाचली, मूल गेलं." ती खाली बसली. "रोज कुणीतरी उशिरा येतं, आई. त्याने भिंत बांधली, तू खोली बांधलीस. इस्पितळाच्या दारातून मला दोन्ही एकच दिसतं."

वहिनींचा हात थांबला. "त्याला असाच सोडून देऊ? तुझ्या बापाला..."

"बाबांचं तर सांगूच नकोस मला. दारात मी उभी होते." मुलगी रडत नव्हती. "त्याला काय करायचं ते कर. पण त्या बाईला काय म्हणून?"

वहिनी मशीनचे चाक नुसतेच हाताने फिरवत राहिल्या. दोरा नव्हता, कापड नव्हते. मग त्यांनी चाक थांबवले.

"बरं," त्या म्हणाल्या. "रस्ता देते. बघच कसा देते."

दुसऱ्या दिवशी त्यांनीच ठेकेदाराला बोलावणे पाठवले. तो धावत आला, बरोबर इंजिनिअरलाही घेऊन. वहिनींनी त्या दिवशी त्याला स्टूल दिले.

"खोली पाडते. जमीन पालिकेला देते. मला काही नको."

ठेकेदाराचे डोळे भरून आले. "वहिनी, तुमचे उपकार..."

"ऐकून तर घ्या. फाटक नाही, वॉचमन नाही. कुणीही येईल, कुणीही जाईल. पालिकेच्या नकाशात सार्वजनिक रस्ता म्हणून लागेल."

ज्यांना ठेकेदाराने बाहेरचे म्हटले होते, ती सगळी माणसे त्याच्या डोळ्यांसमोरून गेली असणार. शेवटी म्हणाला, "चालेल."

"आणि जसा होता तसा पाहिजे. सरळ, इस्पितळाच्या दारापर्यंत."

"सरळ कसा वहिनी? मधे बंगला आहे." त्याने हाताने हवेत वळण काढले. "बागेच्या कडेने घेऊ. थोडा वळसा पडेल, एवढंच."

"बंगल्याला वळसा नाही."

"अहो, घर आहे ते माझं!"

"आणि तो माझा माणूस होता." वहिनींचा आवाज चढला नव्हता. "त्यांना सगळ्या शहराचा वळसा घालायला लावलात. आता तुमच्या काचेच्या खोलीसाठी रस्त्याने वळसा घ्यायचा? तो सरळच जाईल. नको असेल तर राहू द्या. मला काही घाई नाही."

इंजिनिअरने मान खाली घालून चष्मा पुसायला घेतला. "सरळ रस्ता केव्हाही चांगला," तो पुटपुटला. "गाडी सरळ निघते."

ठेकेदार स्टुलावरून उठला, पुन्हा बसला, पुन्हा उठला. दारात मात्र अडखळला आणि चौकटीला धरून म्हणाला, "ठीक आहे."

आधी वहिनींची खोली पडली. मग ती भिंत. मग बंगला. मित्रांनो, मी आयुष्यात खूप सुख पाहिले, पण त्या दिवसांसारखे नाही. काचेची खोली खळ्ळकन खाली आली. निजायच्या खोलीची फरशी कामगार पहारीने उपटत होते आणि माझ्या छातीवरचे एकेक ओझे निघत होते. फरशीखालून माझे जुने डांबर दिसले तेव्हा एक कामगार म्हणाला, "अरे, इथे तर आधीच रस्ता आहे!" वहिनी दुकानाबाहेर खुर्ची टाकून बसल्या होत्या आणि एका शर्टाला बटणे लावत होत्या. ठेकेदाराची बायको अंगणात रडत होती आणि नवऱ्याला बोलत होती. वहिनींनी तिच्याकडे एकदा पाहिले, मग बटणाकडे पाहिले. त्यांनी पुढचे बटण लावले.

बंगल्याचा अर्धा भाग उरला. त्याला नवी भिंत घातली आणि त्या भिंतीला एक खिडकी, थेट माझ्यावर उघडणारी. इमारतीत लोक राहायला आले. माझ्यावरून पुन्हा माणसे जाऊ लागली. बाजारातले, कॉलनीतले, मागच्या कॉलनीतलेही, कारण एक भिंत पडली तशी मागच्या दोन पाडायला लोकांनीच पालिकेला भाग पाडले. दिवसभर सायकली, रिक्षा, टोपल्या, भांडणे, हाका. सगळे ठेकेदाराच्या उशाशी.

त्याने उरलेले घर विकायला काढले. पण रहदारीच्या रस्त्याला घर घेऊ नये, हे त्यानेच इतकी वर्षे सगळ्यांना पढवून ठेवले होते. एकही गिऱ्हाईक फिरकले नाही.

मग एका दुपारी भोंगा वाजवत रुग्णवाहिका आली. बाजारात कुणी म्हातारे कोसळले होते. वहिनी सुईत दोरा ओवत होत्या. दुकानाच्या कोपऱ्यावरून गाडी माझ्यात वळली, माझ्या अंगावरून सरळ गेली आणि पलीकडे, इस्पितळाच्या दारात, भोंगा थांबला. तेवढ्यात दोरा सुईतून पार झाला होता.

वहिनी त्या सुईकडे पाहत राहिल्या. मग ती हातात तशीच धरून उठल्या आणि रस्ता ओलांडत त्या खिडकीपाशी गेल्या. ठेकेदार आत उभा होता. त्यानेही गाडी पाहिली होती.

"ऐकलंत साहेब? थांबलासुद्धा भोंगा. मी दोरा ओवला, तेवढ्यात."

त्याने मान वळवून इस्पितळाच्या दाराकडे पाहिले.

"एवढंच होतं अंतर."

त्याने खिडकीचा गज धरला. "वहिनी, मला माफ..."

"नाही," वहिनी म्हणाल्या. "ते मागू नका. तुम्ही इथंच राहा. ह्या खिडकीशी. रोज एखादी गाडी जाईल, ती ऐका."

त्या परत आल्या. दुकानात शिरल्या, मशीनवर डोके ठेवले आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा ढसाढसा रडल्या. लोक म्हणाले, बाईचा सूड पुरा झाला, मन हलके झाले. लोकांना काय कळते! रस्ता उघडल्यावर त्यांना रोज डोळ्यांनी दिसू लागले की नवरा किती थोडक्यासाठी गेला. ठेकेदारालाही तेच दिसते. मलाही.

तेव्हा मित्रांनो, उद्या तुम्ही मोठे व्हाल, घरे बांधाल, कॉलन्या काढाल. कुंपण घालण्याआधी त्या जागी थोडा वेळ उभे राहा आणि तिथून कोण कोण जाते ते पाहा. आम्हा रस्त्यांना फार काही लागत नाही. खड्डा पडला तर बुजवा, कचरा टाकू नका, गाडी आडवी लावू नका आणि आमची दोन्ही टोके मोकळी ठेवा. ठेकेदाराची कीव येत असेल तर येऊ द्या, तुमची मने कोवळी आहेत. माझ्याकडे मात्र ती मागू नका.

आता बाजूला व्हा पाहू. गाडी येते आहे.